सेल्सच्या मुलांचं कमिशन: लेटरमध्ये नेमकं काय लिहायचं?

छपरावरचा
नमस्कार मंडळी. फोंड्याला आमचं सोलरचं काम आहे, बाबांचं सोलर वॉटर हीटरचं दुकान होतं तेच आता रूफटॉप पॅनलवर आलंय. आत्तापर्यंत विक्री मी आणि चुलतभाऊ मिळून सांभाळायचो. पीएम सूर्यघर योजना 2024 मध्ये आली, 3 किलोवॅटला 78,000 सबसिडी, तेव्हापासून चौकश्या एवढ्या वाढल्यात की आता दोन मुलं सेल्सला घेतोय. एक डिचोली-सत्तरी बघेल, दुसरा सासष्टी. फिक्स पगार 18,000, पेट्रोल वेगळं, आणि वर 2 टक्के कमिशन असं बोलणं झालंय, मुलं खूश आहेत. माझं म्हणणं नेमणुकीच्या लेटरमध्ये 'विक्रीवर 2 टक्के कमिशन' एवढी ओळ टाकली की पुरे. बायको म्हणते त्या एका ओळीत वर्षभराची भांडणं आहेत, आधी कोणाला तरी विचार. तर विचारतोय. तुमच्याकडे काय लिहिता, आणि किती लिहिता?

हिशेबतपासनीस
वहिनींचं बरोबर आहे. पहिला प्रश्न, 2 टक्के कशावर? तुमच्याच धंद्याचं गणित घ्या. 3 किलोवॅटची सिस्टीम समजा 1,80,000 ला विकली, टॅक्स सोडून. सोलरला 70 टक्के माल आणि 30 टक्के सर्व्हिस धरून जीएसटी लागतो. 22 सप्टेंबर 2025 च्या आधी मालावर 12 होता आणि सर्व्हिसवर 18, म्हणजे सरासरी 13.8 टक्के, बिल 2,04,840. आता मालावर 5 झाला, सरासरी 8.9, बिल 1,96,020. कमिशन बिलाच्या टोटलवर धरलं असतं तर तेच घर, तेच काम, तीच किंमत आणि मुलाला आधी 4,097 मिळाले असते ते आता 3,920. दिल्लीत टॅक्स बदलला म्हणून फोंड्याच्या मुलाचं कमिशन का कमी व्हावं? आणि जीएसटी मुळात तुमचा पैसाच नाही, सरकारचा आहे, त्यावर तुम्ही कमिशन का द्यावं. 'जीएसटी सोडून बिलाची रक्कम' एवढे चार शब्द लिहा.

दुसरं, सबसिडी. ती ग्राहकाच्या खात्यात जाते, तुमच्या नाही. पण सहा महिन्यांनी तुमचा चुलतभाऊ म्हणेल की गिऱ्हाइकाला निव्वळ सव्वा लाखाच्या आतच पडलं ना, मग त्यावर द्या. म्हणून 'सबसिडी वजा न करता' हेही लिहून टाका.

मंगलोरी कौल
विषय सोडून विचारतो, जुन्या कौलारू छपरावर बसतं का हो पॅनल?

छपरावरचा
बसतं, पण वासे बघावे लागतात, बऱ्याचदा स्ट्रक्चर उचलून घ्यावं लागतं आणि खर्च वाढतो. खाजगी मेसेज करा बाब, इथे धागा भरकटेल.
@हिशेबतपासनीस, जीएसटीचं डोक्यातच नव्हतं, धन्यवाद. आमचं कोटेशन टॅक्ससकटच जातं म्हणून मुलं तोच आकडा धरणार हे नक्की.

भटका सेल्समन
मी टेबलाच्या पलीकडचा माणूस, त्यामुळे जरा तिखट वाटलं तर सांभाळून घ्या. टाइल्स, मग वॉटर प्युरिफायर, आता लिफ्ट, असा मोप्यापासून काणकोणापर्यंत फिरलोय. टक्का किती यावर कधी कोणाशी भांडण झालं नाही, भांडण नेहमी 'कधी' यावरच. ऑर्डर फॉर्मवर सही झाली तेव्हा माझं कमिशन झालं, का ॲडव्हान्स आला तेव्हा, का माल उतरला तेव्हा, का शेवटचा पैसा आला तेव्हा? मालकाला विचाराल तर तो शेवटचं सांगेल आणि मला विचाराल तर मी पहिलं. दोघंही आपल्या जागी बरोबर.

एका ठिकाणी (नाव नको) एका मोठ्या बंगल्याची ऑर्डर मी आणली, ॲडव्हान्स माझ्यासमोर आला, मधे मला दुसरीकडे चांगला जॉब मिळाला म्हणून रीतसर नोटीस दिली. बिल निघालं मी सोडल्यावर. मालक म्हणाला बिलाच्या तारखेला तू आमचा माणूस नव्हतास. लेटर काढून बघितलं तर त्यात लिहिलेलं, कमिशन ॲज पर कंपनी पॉलिसी. पॉलिसी कुठाय विचारलं तर म्हणे ती लिहिलेली नाही 😀

तेव्हा छपरावरचे बाब, दोन तारखा वेगवेगळ्या लिहा. एक, कमिशन कमावलं कधी, आणि दुसरी, हातात मिळणार कधी. पहिली ठरलेली असली तर दुसरीला उशीर झाला तरी माणूस थांबतो.

पाटो पुलावरून
एवढं लिहायला लागलो तर मुलं घाबरून पळतील हो. गोवा एवढासा, सगळे एकमेकांना ओळखतात, शब्दावर चालतं. आमच्या दुकानात गेली कित्येक वर्षं चवथीला पाकीट देतो, कोणी तक्रार केली नाही.

आबोलीचा वळेसार
चवथीचं पाकीट म्हणजे बक्षीस, ते मालकाच्या मर्जीचं. दर महिन्याचं ठरलेलं कमिशन हा माणसाचा हिशेब आहे, त्यावर तो बाइकचा हप्ता भरतो. दोन्ही एकाच पाकिटात घालू नका बाब. आणि तक्रार केली नाही म्हणजे नव्हती असं नाही, सोडून गेलेल्यांना विचारून बघा कधी.

पाटो पुलावरून
सोडून दोघेच गेलेत 😅 बरं, वाचतोय मी.

फोंडा कोर्टाजवळ
वकिली करतो, पण हा सल्ला नव्हे, गप्पाच समजा. 'विक्रीवर 2 टक्के' हे वाक्य कोर्टात गेलं तर काय होतं बघा. करार कायदा 1872, कलम 29: ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही तो करार रद्द. बहुतेक वेळा गोष्ट तिथपर्यंत जात नाही, कोर्ट जुने व्हाउचर, व्हॉट्सॲप, आधीचे महिने बघून अर्थ लावतं. पण अर्थ लावताना शंका उरली तर ती ज्याने कागद लिहिला त्याच्या विरुद्ध जाते. कागद नेहमी मालक लिहितो. म्हणजे मोघम लिहिण्यात मालकाचा फायदा असतो हा समज उलटा आहे.

अजून एक वाक्य नेटवरून उचललेल्या प्रत्येक नमुन्यात असतं: नोकरी सोडून स्पर्धकाकडे गेल्यास बाकी कमिशन जप्त. कलम 27 खाली धंदा-नोकरीवर बंदी घालणारा करार रद्दच धरतात, नोकरी सुटल्यानंतरची बंदी तर नाहीच टिकत. कमावलेलं कमिशन दंड म्हणून अडकवणं हा त्याचाच मागचा दरवाजा, त्यावर विसंबू नका. ग्राहकांची यादी घेऊन जाऊ नये, कोटेशनचे दर बाहेर सांगू नयेत, हे वेगळं कलम घाला, ते चालतं.

छपरावरचा
भटका सेल्समन, तुमच्या प्रश्नावर विचार करतोय तर आमच्यात टप्पे जास्तच आहेत. चौकशी, साइट बघणं, पोर्टलवर अर्ज, ॲडव्हान्स, माल, फिटिंग, मग वीज खात्याची तपासणी आणि नेट मीटर, मग सबसिडी. लोनवाल्यांचे पैसे बँकेकडून येतात ते बँकेच्या सवडीने. आणि आपल्याकडची खास भानगड म्हणजे वीज कनेक्शन आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन वीस वर्षं झाली, घरात वाटेकरी सात आणि त्यातले दोन पोर्तुगालला. नाव बदलल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही, आणि ना हरकत सह्या गोळा होईपर्यंत पाऊस येऊन जातो. अशी ऑर्डर मुलाने आणली तर कमिशन कधी द्यायचं? शेवटी धरलं तर वर्ष जाईल. सुरवातीला द्यावं तर ऑर्डर मोडली की माझे गेले.

भटका सेल्समन
अर्धं-अर्धं करा. सही आणि ॲडव्हान्स खात्यात आला की अर्धं माझं झालं. उरलेलं अर्धं पूर्ण पैसे आल्यावर. माझ्या सध्याच्या कंपनीत तसंच आहे आणि कोणाची कुरकुर नाही. त्यात फायदा असा की सेल्सचा माणूस वसुलीच्या मागेही राहतो, नाहीतर सही घेतली की तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे आणि मालक फोन करत बसतो.

आणि ॲडव्हान्स म्हणजे किती तेही लिहा. आमच्यात एकाने महिनाअखेरीला टार्गेट पुरं करायला मावशीकडून 500 रुपये ॲडव्हान्स घेतलेला 😂

आबोलीचा वळेसार
पर्वरीला आमचं फर्निचर आणि किचनचं आहे, ह्या सगळ्यातून जाऊन आलोय. तुमच्या यादीत दोन गोष्टी नाहीत.

एक, डिस्काउंट. टक्का विक्रीवर असला की सेल्सवाला सूट वाटत सुटतो, त्यात त्याचं काही जात नाही. 1,80,000 च्या ऑर्डरवर 10,000 सोडले तर त्याचे 200 गेले आणि तुमचे दहा हजार. म्हणून आम्ही ठरवलं: ठरलेल्या किमतीला विकलं तर पूर्ण दर, 3 टक्क्यांपर्यंत सूट तो स्वतः देऊ शकतो पण कमिशनचा दर अर्ध्या टक्क्याने खाली, त्याच्यावर सूट द्यायची तर आधी आमचा मेसेज लागतो. मेसेज, फोनवर हो म्हटलेलं नाही. पहिल्याच महिन्यात सूट मागणारी गिऱ्हाइकं आपोआप कमी झाली. जादू!

दोन, गिऱ्हाईक कोणाचं. हे सगळ्यात घाण भांडण. शोरूमला एक बाई येतात, एक मुलगा तासभर माहिती देतो, पुढच्या आयताराला त्या नवऱ्याला घेऊन येतात तेव्हा तो सुटीवर, दुसरा ऑर्डर घेतो. कोणाचं? किंवा इन्स्टावर आमची जाहिरात बघून फोन येतो, मुलाने फक्त जाऊन सही आणली. तिथेही पूर्ण 2 टक्के? आम्ही स्वतः आणलेल्या गिऱ्हाइकाला पूर्ण आणि दुकानाच्या जाहिरातीतून आलेल्याला कमी दर ठेवलाय. नाव आणि फोन नंबर रजिस्टरला ज्याने आधी नोंदवला त्याचं गिऱ्हाईक, पण 90 दिवसच, त्यानंतर मोकळं. दोघांनी काम केलं असेल तर ऑर्डर घेण्याच्या आधी आपसात ठरवून दोघांनी सही करायची, नंतर नाही. आर्किटेक्टला काही द्यायचं असलं तर ते मुलाच्या कमिशनमधून जाणार नाही हेही लिहिलंय, कारण एकदा त्यावरून दुकानातच आवाज चढले होते.

तुमच्या त्या सत्तरी-सासष्टीच्या वाटणीत पण हे येणार. डिचोलीच्या माणसाचा मडगांवात फ्लॅट असतो हो.

छपरावरचा
बाप रे. हे खरं आहे, डिचोलीच्या मुलाचा मामाच मडगांवात सोसायटीचा सेक्रेटरी आहे, आणि सोसायटीची ऑर्डर आली तर मोठी असेल.

आबोलीचा वळेसार
मग एरिया फक्त कोणी कुठे फिरायचं यासाठी ठेवा, कमिशन नोंद ज्याची त्याला. आणि सोसायटीसारख्या मोठ्या ऑर्डरला वेगळा दर हवा असेल तर तो मामाचा फोन यायच्या आधी लिहा, नंतर लिहिलात तर कोणीही त्याला लबाडीच म्हणेल.

वेर्ण्याचा एचआर
उशिरा आलो. कायद्याचे दोन-तीन मुद्दे टाकतो, कारण 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता लागू झाली आणि छोट्या दुकानदारांपर्यंत हे अजून पोचलेलं नाही.

वेतनाच्या व्याख्येत कमिशन धरत नाहीत, पण एक मर्यादा आहे. कमिशन, घरभाडे भत्ता, वाहन भत्ता असे बाहेर ठेवलेले प्रकार मिळून एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनात धरला जातो. तुमच्या मुलाला एखाद्या महिन्यात 18,000 पगार आणि 30,000 कमिशन मिळालं तर एकूण 48,000, त्याचे निम्मे 24,000, कमिशन त्याहून 6,000 जास्त, म्हणजे त्या महिन्याचं वेतन 18,000 नाही तर 24,000. वेतनावर आधारलेली देणी त्या हिशेबाने बघावी लागतात. सोलरमध्ये उन्हाळ्यात असा महिना येऊ शकतो.

दुसरं, माणसाने राजीनामा दिला किंवा त्याला काढलं तर त्याचं देय वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं. म्हणून वर भटक्याने म्हटलं ते महत्त्वाचं, त्या दिवशी कमावलेलं किती आणि अजून व्हायचंय किती हे कागदावरून काढता आलं पाहिजे.

तिसरं, कपात. ऑर्डर रद्द झाली म्हणून दिलेलं कमिशन परत घ्यायचं तर ते पुढच्या कमिशनमधून घ्या, फिक्स पगाराला हात लावू नका. पगारातून काय कापता येतं याची यादी कायद्यात ठरलेली आहे आणि सगळं मिळून निम्म्या वेतनाच्या वर कापता येत नाही. आणि फिक्स पगार किमान वेतनाच्या खाली नको, कमिशन धरून किमान वेतन भरलं असं चालत नाही. गोव्याचे चालू दर पाटोला श्रमशक्ती भवनात मजूर आयुक्तालयात मिळतात. दावा करायला त्याला तीन वर्षं असतात हेही लक्षात असू द्या, कागद फेकू नका.

हिशेबतपासनीस
+१. टीडीएसचं राहिलं. पगारदार मुलाचं कमिशन पगारातच मिळवून टीडीएस बघायचा. बाहेरच्या एजंटला दिलं तर वेगळं, वर्षाला 20,000 च्या वर गेलं की 2 टक्के, ऑक्टोबर 2024 च्या आधी हाच 5 होता. काही जण पगार वाचवायला मुलाला कागदावर एजंट दाखवतात आणि सकाळी नऊला हजेरीही घेतात. तसं करू नका. हजेरी, युनिफॉर्म, रजेचा अर्ज असला की तो नोकरच, कागदावर काहीही लिहा.

छपरावरचा
दोन रात्री बसून मसुदा केलाय, बायकोने अर्धा बदलला. डकवतो, फाडून खा.

"कमिशन 2 टक्के, जीएसटी सोडून बिलाच्या रकमेवर, सूट वजा करून, सबसिडी वजा न करता. कंपनीच्या जाहिरातीतून आलेल्या ग्राहकाला दीड टक्का. ग्राहकाची सही असलेली ऑर्डर आणि किमान 20 टक्के ॲडव्हान्स कंपनीच्या खात्यात जमा झाला की अर्धं कमिशन कमावलं असं धरलं जाईल, उरलेलं अर्धं पूर्ण रक्कम जमा झाल्यावर. महिन्यात कमावलेलं कमिशन पुढच्या महिन्याच्या 7 तारखेला पगारासोबत, ऑर्डरवार तक्त्यासह. ऑर्डर रद्द झाल्यास दिलेलं अर्धं पुढच्या कमिशनमधून वळतं होईल. नोकरी सोडल्यास, शेवटच्या दिवसापर्यंत ॲडव्हान्स आलेल्या ऑर्डरींचं पहिलं अर्धं पूर्ण मिळेल, आणि पूर्ण रक्कम 60 दिवसांत जमा झाली तर दुसरंही मिळेल. दर बदलायचा झाल्यास 30 दिवस आधी लेखी कळवलं जाईल आणि नवा दर त्यापुढच्या ऑर्डरींनाच."

डिस्काउंट आणि रजिस्टरचं आबोलीताईंचंच जवळजवळ तसंच घेतलंय, रागावू नका.

आबोलीचा वळेसार
घ्या हो, त्यात काय.

भटका सेल्समन
चांगलं आहे, खरंच, मला असं लेटर कधी मिळालं नाही. पण दोन ठिकाणी अडतंय. ऑर्डर रद्द कोणामुळे झाली? माल तुमच्याकडून वेळेत आला नाही म्हणून गिऱ्हाईक गेलं तर माझे पैसे का वळते? 'ग्राहकाच्या कारणाने रद्द झाल्यास' असं करा. आणि 60 दिवस! तुम्हीच वर आजोबांच्या मीटरची गोष्ट सांगितलीत. मुलाने मे महिन्यात ॲडव्हान्स आणला, जूनला सोडलं, पावसात तुमचे फिटर छपरावर चढणार नाहीत, पैसे येणार दिवाळीला. म्हणजे त्याचं दुसरं अर्धं गेलंच की.

छपरावरचा
60 बायकोचे नाहीत, माझे आहेत 😀 पण माझी बाजू पण बघा. तो गेल्यावर नाव बदलण्यापासून बँकेपर्यंत सगळ्या खेपा दुसरा मुलगा मारणार, त्याला काय देऊ? दोघांना पूर्ण दिलं तर माझ्याकडे राहतं काय.

फोंडा कोर्टाजवळ
मुदत वाढवा आणि वाटा कमी करा. 180 दिवस ठेवा, गेलेल्याला दुसऱ्या अर्ध्यातले 60 टक्के, ऑर्डर पुरी करणाऱ्याला 40. तुमच्या खिशातून जास्त काही जात नाही आणि राहिलेल्या मुलालाही धावपळ करायला कारण मिळतं. फक्त हे दोघांच्याही लेटरमध्ये पाहिजे.

लेटरवर दोघांच्या सह्या, प्रत्येक पानावर, एक प्रत त्याच्याकडे. आणि मुलांना इंग्रजी जड जात असेल तर हाच मराठी मसुदा ठेवा, पण दोन भाषांत केलंत तर मतभेदात कुठली प्रत धरायची ते लिहा.

वेर्ण्याचा एचआर
त्या 1,80,000 च्या ऑर्डरचा पूर्ण हिशेब उदाहरण म्हणून लेटरच्या मागे जोडा. ॲडव्हान्स आल्यावर 1,800, पूर्ण पैसे आल्यावर 1,800, मधे माणूस गेला तर दुसऱ्या अर्ध्यातले 1,080 त्याला आणि 720 ऑर्डर पुरी करणाऱ्याला. कलमं कोणी वाचत नाही, आकडे सगळे वाचतात.

छपरावरचा
180, 60-40, 'ग्राहकाच्या कारणाने', आणि मागे हिशेब. बदललं सगळं. सोसायटीच्या ऑर्डरींना 10 किलोवॅटच्या वर एक टक्का लिहितोय, मामाचा फोन अजून आलेला नाही.

पाटो पुलावरून
तो मसुदा उचलला तर चालेल का? आमचं पेंटचं आहे. गिऱ्हाईक उरलेले डबे परत आणून देतात, त्याचं कमिशन कसं करायचं विचारतोय.

आबोलीचा वळेसार
परतीचे डबे बिलातून वजा करून मग टक्का लावा, आणि परत घ्यायची मुदत आधी ठरवा. टिंट केलेले परत घेत नसाल अशी आशा आहे.

पाटो पुलावरून
घेतो 🙈